मान आणि मुसळ

प्रिय मिर्लांद,

क्लेर्वीच्या हाती पाठवलेलं तुझं पत्र मिळालं, निळं कापडही मिळालं. कापड सुरेख आहे, पण या वयात मला निळ्यात पाहून समोरची फिलोमीन काय काय बोलेल, ते तुला ठाऊक आहेच. नव्या वर्षाच्या दिवशी भोपळ्याच्या सुपाला घरी येईन म्हणतेस. वाचून मी चुलीपुढे बसून रडले. पण त्यापुढची ओळ वाचली आणि लगेच उठून कागद शोधला. 'फाटकाशी उभी राहून एकदाच हाक मारीन. बाबांनी उत्तर दिलं नाही, तर तश्शीच नासाऊला परत जाईन.' बाई गं, हा हट्ट कुणाकडून घेतलास ते मला विचारायला नको. खाण तशी माती.

बाबांच्या मनाविरुद्ध ज्याच्याबरोबर गेलीस, त्या वेस्नेलला सोडून तू एकटी परत आलीस, तेव्हा मी जाकमेलच्या बाजारात होते. तू बाहेरून 'मान!' म्हणालीस आणि ओसरीवर बसलेल्या तुझ्या बाबांनी 'आदर!' म्हटलं नाही. अगं, आपल्याकडे वैरीसुद्धा फाटकाशी 'मान!' म्हणत आला तर त्याला घरातून हे उत्तर मिळतं, मगच तो आत येतो. तू पेटी उचलून गेलीस, हे मला फिलोमीनकडून कळलं. मी तुझ्या बाबांशी अशी भांडले की कोंबड्या झाडावर जाऊन बसल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी खुर्ची फाटकाच्या बाजूला वळवून ठेवली, ती अजून तशीच आहे.

आता तुला न कळवलेली गोष्ट सांगते. घाबरू नकोस. कॉफीच्या तोडणीच्या दिवसांत त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. ऐकू सगळं येतं, कळतं सगळं, शब्द तेवढा फुटत नाही. तुला लिहायला बसले की डाव्या हाताने माझं पेन काढून घ्यायचे. लेक यावी, पण कीव करत येऊ नये, एवढाच त्यांचा हेका.

सुरुवातीला फार वाईट दिवस गेले. मी शेतात असले की लोक फाटकाशी यायचे, हाक मारायचे, आतून उत्तर नाही म्हणून परत जायचे. एकदा त्यांचा चुलतभाऊ मेसिदोर हाक न मारताच आत आला. 'आता हा काय बोलणार आहे?' म्हणाला आणि खुशाल खुर्ची ओढून बसला. तुझ्या बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, ते तो उठेपर्यंत. मी फिलोमीनला म्हटलं, तू तरी सरळ आत येत जा गं, तुला सगळं माहीत आहे. तर माझ्यावरच खेकसली, 'जीभ गेली म्हणजे घर गेलं का त्याचं? घरधन्याने ये म्हटल्याशिवाय मी नाही यायची!'

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी डोक्यावर नीरफणस घेऊन बया फाटकाशी उभी. 'मान!' म्हणाली आणि हलेना. ऊन हे एवढं! तुझ्या बाबांचे ओठ थरथरले, घाम फुटला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झाले. शेजारीच माझं उखळ होतं. त्यांनी डाव्या हाताने मुसळ उचललं आणि दोनदा आपटलं. 'ऐकलं, दोर्सेनभाऊ, ऐकलं!' फिलोमीन आत येत म्हणाली, 'आता उखळ फोडू नका, बायको मारील तुम्हाला!' झटक्यानंतर ते त्या दिवशी पहिल्यांदा हसले, अर्ध्याच तोंडाने.

आता सगळं गाव त्या मुसळाच्या आवाजाची वाट पाहून आत येतं. मेसिदोरसुद्धा. उखळ आता कायमचं ओसरीवरच राहिलंय, मी दाणे कांडायला शेजारणीकडे जाते. गल्लीतून एखादी तरुण बाई चालत गेली, तर हाक नसतानाही त्यांचा हात मुसळावर जातो. मी पाहून न पाहिल्यासारखं करते.

तेव्हा मिर्लांद, त्यांचं न ऐकता हे पत्र लिहितेय ते एवढ्यासाठीच. मला उत्तर देता येईल, पण त्या दिवशी मी देणार नाही. ते उत्तर त्यांनी तुला द्यायचं राहिलंय. तू हाक एकदाच मार, तुझा हट्ट तुझ्यापाशी. पण हाक मारलीस की लगेच पेटी उचलू नकोस. डावा हात फार मंद आहे गं, मुसळ जड आहे. जराशी थांब.

तुझीच,
आई