व्हिनेगरची पाई आणि सतरा नंबरचे घर

मी, आयडेला रूथ प्रुइट, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला, राहणार सीडर हॉलो वसाहत, जागा क्रमांक सतरा, गाव हार्लन्स मिल, राज्य मिझुरी, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली न येता, दारू न पिता, पण रागाच्या भरात लिहून ठेवत आहे. राग जुना आहे, त्यामुळे त्याने माझी बुद्धी फिरलेली नाही. फुप्फुसे मात्र कामातून गेली आहेत आणि डॉक्टर उन्हाळ्यापलीकडचे काही बोलत नाहीत. यापूर्वी मी मृत्युपत्र केले नाही, कारण ठेवण्यासारखे काही नव्हते. आताही फारसे नाही. पण जे आहे त्यावर एका बाईच्या डोक्यावरचे छप्पर अवलंबून आहे, म्हणून हा खटाटोप.

कलम १. माझा भाचा कर्टिस, राहणार टल्सा, याला त्याने पाठवलेली नाताळची सर्व भेटकार्डे परत करावीत. प्रत्येकात एकेक सल्ला आहे. ‘मावशी, बाहेरची कॉफी सोड, बघ किती पैसे साठतात,’ हा त्यातला सर्वांत आवडता. मी उभ्या आयुष्यात बाहेर कॉफी प्यायले ती त्याच्या लग्नात, आणि ती गार होती. याखेरीज त्याचा माझ्या कशावरही हक्क नाही.

कलम २. कोंबडीची हाडे सोडवण्याची माझी सुरी आणि धार लावायचा दगड ट्वायला हार्गिसला द्यावा. कारखान्यात ती माझ्या डाव्या हाताला उभी असायची. ती माझ्याहून अठरा वर्षांनी लहान, तरी तिचाही खांदा माझ्याबरोबरच गेला आणि आम्हा दोघींना एकाच आठवड्यात घरी बसवले. माझ्या उजव्या हाताची बोटे मिटत नाहीत ती या सुरीपायी. तिने ती फक्त भाजी चिरायला वापरावी.

कलम ३. यात द्यायचे काही नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

मी लहान असताना गावात जोड्यांचा कारखाना होता, आणि गावातली गरीब माणसे नावानिशी सांगता येत. आता त्या जागी मोठे दुकान आहे. त्याच्या आवारात जी माणसे मोटारीत झोपतात, ती सकाळी उठून तोंड धुऊन कामावर जातात. एकजण तर त्याच दुकानात कामाला आहे. गावाने यावर पुष्कळ विचार केला. बागेतल्या बाकांना मधोमध लोखंडी दांडे बसवले, म्हणजे कोणी आडवे होऊ नये. चौकात पाटी लावली की भिकाऱ्यांना पैसे देऊ नका, संस्थांना द्या. आणि आमच्या गावात संस्था म्हणजे वर्ना स्टॉटलमायर.

वर्ना चर्चच्या मदत समितीची अध्यक्ष आहे. कोणाला कर्करोग झाला किंवा कोणाचे घर जळाले, की समिती चर्चच्या तळघरात जेवण ठेवते. घेवडा, मक्याचा पाव, मग घरोघरी भाजून आणलेल्या गोड पाईंचा लिलाव, आणि जमेल ते त्या कुटुंबाला. देश एवढा मोठा, पण इस्पितळाचे बिल आम्ही घेवड्यावर भागवतो. ट्वायलाचा नवरा रॉय मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेला आणि पाठोपाठ बिलांपायी घरही गेले, तेव्हा मी तिचे नाव समितीला सुचवले. समिती बसली त्या दिवशी मी शेजारच्या स्वयंपाकघरात कॉफी करत होते. वाढपाच्या खिडकीतून सगळे ऐकू येत होते.

“अगं, पण तिचे केस पाहिलेस का?” वर्ना म्हणाली. “रंगवलेत! ज्याला खायची भ्रांत तो केस रंगवत बसतो होय?”

“आणि हातातला फोन तरी केवढा! वर सिगारेट!” दुसरी एक म्हणाली.

“मला तर बाई तिच्याबद्दल वाईटच वाटतं,” वर्ना म्हणाली. “पण खऱ्या गरजूंच्या तोंडचा घास काढून तिला कसा द्यायचा?”

मी खिडकीतून डोके बाहेर काढले. “वर्ना, ते केस मी रंगवलेत, माझ्या घरी. ती मोटेलात खोल्या झाडते. मालक म्हणाला, पाहुण्यांसमोर पांढऱ्या केसांची नको. नोकरी टिकावी म्हणून रंगवलेत.”

“आयडेला, कॉफी झाली का गं?” वर्ना म्हणाली.

त्या खेपेचे जेवण एका कुटुंबाच्या जळालेल्या तबेल्यासाठी झाले. घोडे सुखरूप होते. ट्वायलाला समितीने काटकसरीच्या वर्गात बसवले. तिथे वर्नाने रात्री मसूर भिजत घालण्याचे फायदे समजावून सांगितले.

“कुठे घालू भिजत?” ट्वायलाने विचारले. “मोटारीच्या डिकीत?”

वर्गात कोणी हसले नाही. हिची वृत्तीच बरोबर नाही, असे ठरले. पुढे नगरसभेने, जिच्यात वर्नाचा मुलगा बसतो, गावच्या हद्दीत मोटारीत झोपणे गुन्हा ठरवला आणि ट्वायलाला दंड झाला. दंड भरण्याइतके पैसे असते तर बाई मोटारीत झोपली नसती, हे त्या सभेत एकाही शहाण्याच्या लक्षात आले नाही. त्याच आठवड्यात तिला मी माझ्याकडे आणले.

कलम ४. माझे घर. कागदोपत्री याला फिरते घर म्हणतात. माझा नवरा डेल याने ते येथे आणून टेकवले, त्यानंतर ते वीतभरही फिरलेले नाही आणि त्याची चाके कुजून गेली आहेत. घर माझे, खालची जमीन भाड्याची. ती जमीन परराज्यातल्या कोणा कंपनीने घेतली. त्या लोकांनी सीडर हॉलो कधी पाहिलेले नाही, फक्त भाडे वाढवायला त्यांना ते बरोबर सापडते. त्यांचा माणूस लोवेल माझ्या दारात नियम घेऊन आला. पाहुणा पंधरवड्यापेक्षा जास्त ठेवायचा नाही. माझ्या मागे जुन्या भाडेकरारावर येथे राहायचे, तर ते फक्त माझ्या कायदेशीर कुटुंबाने. कुटुंब नसेल तर महिन्याच्या आत घर उचलून न्यायचे. हे घर उचलले तर खिळा न् खिळा वेगळा होईल, हे लोवेलला ठाऊक आहे. मोकळी जागा दुप्पट भाड्याने जाते.

मूल आम्हाला झाले नाही. तेव्हा मी विचार केला, कुटुंब नाही ना, मग करू.

आमच्या राज्यात मोठ्या माणसालाही दत्तक घेता येते. मी आणि ट्वायला दोघी जिल्ह्याच्या न्यायालयात गेलो. माझ्या नाकात प्राणवायूची नळी होती. न्यायाधीशबाईंनी कागदावरून आमच्याकडे पाहिले.

“मिसेस प्रुइट, या वयात मूल कशाला हवंय तुम्हाला?”

“मोठं झालेलंच बरं, बाईसाहेब,” मी म्हणाले. “रात्रीचं उठावं लागत नाही.”

“आणि मिसेस हार्गिस, तुम्हाला आई कशाला हवी?”

ट्वायला एरवी कोणालाही तोडून बोलते. तिथे मात्र ती हळूच म्हणाली, “मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, बाईसाहेब, हवी आहे का म्हणून.”

न्यायाधीशबाईंनी सही केली. हुकूम घेऊन मी थेट लोवेलच्या कचेरीत गेले.

“ही काय खरी मुलगी आहे का?” तो म्हणाला. “हा सगळा जागेसाठी चाललेला खेळ आहे.”

“बाळा, तुझ्या नियमात कायदेशीर लिहिलंय,” मी म्हणाले. “खरी कुठे लिहिलंय, दाखव.”

त्याने कुरकुरत हुकुमाची नक्कल फाइलला लावली. सबब सतरा नंबरचे घर, आतील चीजवस्तू, गळणाऱ्या छतासह, मी माझी कायदेशीर मुलगी ट्वायला हार्गिस हिला देत आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिच्या केसांचा रंग, फोन आणि सिगारेट यांवरून कोणी तिच्या वारसाहक्काला हरकत घेतल्यास त्याला काटकसरीच्या वर्गात बसवावे.

कलम ५. माझी पाई वर्ना स्टॉटलमायर हिला. वीस वर्षे ती लिलावात माझ्या पाईवर सर्वांत चढी बोली लावत आली आहे, आणि वीस वर्षे कृती मागते आहे. “आयडेला, एवढी लिंबं तू आणतेस तरी कुठून गं? फ्लोरिडाची ना?” ती विचारायची. मी नुसती हसायचे. घे कृती, वर्ना. पाणी, साखर, एक अंडे, मूठभर पीठ, लोण्याचा एवढासा गोळा आणि मोठा चमचाभर व्हिनेगर. लिंबू त्यात कधीच नव्हते. वडील कामाला होते तो जोड्यांचा कारखाना बंद पडला त्या हिवाळ्यात घरात दुसरे काही नसायचे, म्हणून माझी आई ही पाई करायची. आम्ही गरीब होतो आणि माझ्या आईने केस कुरळे करून घेतले होते. तुझ्या समितीने तिला एक घासही दिला नसता.

मला जाळावे, त्यातल्या त्यात स्वस्तात. चर्चच्या तळघरात माझ्यासाठी जेवण ठेवू नये. तरीही ठेवलेच, कारण मेलेली गरीब बाई समितीला नेहमी पसंत पडते, तर शेवटी ही पाई वाढावी आणि ती कशाची आहे ते वर्नाने उभे राहून मोठ्याने सांगावे.

काल ट्वायला कामावर निघाली होती. दारातून वळून म्हणाली, “आई, किल्ली कुठे ठेवलीस गं?” गंमत म्हणून म्हणाली असेल. मी नाकातल्या नळीसकट उठून शोधू लागले. किल्ली तिच्या खिशातच होती. आता तिथेच राहू द्यावी.

वरील सर्व मजकूर मी स्वतः, डाव्या हाताने लिहिला, पुन्हा वाचला आणि त्यातला एकही शब्द खोडला नाही. खाली सह्या करणाऱ्या दोघांना यातून काहीही मिळणार नाही. तरी ते आले, याची नोंद असावी.

साक्षीदार:
ऑर्विल टीग, जागा क्रमांक वीस, सीडर हॉलो (सही)
मेरीबेथ कुन्झ, ग्रंथालयात नोकरी, हार्लन्स मिल (सही)

ठिकाण: माझ्या स्वयंपाकघराचे टेबल, सतरा, सीडर हॉलो
दिनांक: ९ मार्च २०२३

(सही)
आयडेला रूथ प्रुइट
ट्वायलाची आई