गणेशबद्दलच्या चार ओळी

मंगळवार, १२ ऑगस्ट. जालना.

नोकरीच्या साइटवर गणेशच्या प्रोफाइलवर मी लिहिलेल्या शिफारशीच्या चार ओळी आज सकाळी काढून टाकल्या. वाईट वाटलं का? बिलकुल न्हाई.

बियाण्याच्या लॅबमध्ये तो माझ्या हाताखाली आल्ता, तेव्हा ओल्या कागदात उगवलेला धड कोंब कोणता अन् वाकडा कोणता, हेही त्याला कळत नव्हतं. मी शिकवलं. मंग हॉलंडच्या कंपनीत अर्ज करताना म्हणला, "ताई, माझ्याबद्दल चार ओळी लिहा ना." लिहिल्या. कोंब पारखण्यात याचा हात धरणारा कुणी न्हाई, असं लिहिलं. जरा खोटंच होतं.

आता त्याच्याच कंपनीत जागा निघाली. त्याला मेसेज केला, साहेबाला फक्त माझं नाव सांग. तीन आठवड्यांनी, काल उत्तर आलं. "ताई, तुमच्या कामाची मला तेवढी माहिती न्हाई. कसं सुचवू?"

माहिती न्हाई. मंग कोंब कुणी दाखवले त्याला?

दुपारी लॅबमध्ये त्याचा फोन. "ताई, त्या ओळी चुकून निघाल्या का? माझ्या बढतीचं चालू आहे, साहेब प्रोफाइल बघून राह्यले."

"चुकून न्हाई रे," मी म्हणलं. "तुझ्या कामाची मला तेवढी माहिती न्हाई."

तिकडची वाट आता माझ्यासाठी बंद. चुकलं का माझं? चुकू दे.

फोन ठेवला अन् वाकडे कोंब वेगळे काढत बसले. आज एकही नजरेतून सुटला न्हाई.