झाकून ठेवलेला चहा

प्रिय मालन,

तुला जाऊन आठ महिने झाले. तू गेलीस त्या दिवशी मी सगळ्यांदेखत रडले, आणि घरी येऊन पाय धुताना मला जरा हलकंही वाटलं. असलं कुणाला सांगता येतं का? म्हणून तुलाच सांगते. आता निदान कुणी मला तुझ्या शेजारी उभं करून मापणार नाही, असं मला वाटलं होतं. पण परवा वॉर्डात जे घडलं, त्यानंतर तुला लिहिल्यावाचून राहवेना.

आपण एकाच बॅचच्या. तू येडगावची, मी पारगावची. ट्रेनिंगला एका खोलीत राहिलो, मंचरजवळच्या या चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात एकाच आठवड्यात लागलो. मार्क मला जास्त होते, अक्षर माझं चांगलं होतं, कसलीही शीर मला पहिल्या टोचणीत सापडायची. तरी ट्रस्टनं मेट्रन केलं तुला! पेढा तू पहिला मलाच दिलास, आणि तो मी रुमालात बांधून घरी नेला. खाल्ला नाही. आता सांगायला काय हरकत आहे?

माझ्या सख्ख्या आईचं तरी बघ. न्यूमोनियानं ॲडमिट होती, मी सिरिंज भरून उभी, आणि ती म्हणते, "सुनंदे, तू लई धसमुसळी. मालनला बोलीव." तू आलीस, तिच्याशी मेथीच्या भावावर बोलत बोलत सुई टोचून मोकळी झालीस. आईला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी दुपारचा डबा तसाच परत नेला होता.

मेट्रन झाल्यावर तू पहिला अर्ज कशासाठी केलास, आठवतं? नर्सेसच्या बाथरूमला कडी बसवा म्हणून. मी हसले होते. एवढं मोठं पद मिळालं आणि ही कडी मागते! मग तू ड्युटीच्या तक्त्यावर प्रत्येकीच्या गावची जत्रा लाल पेनानं लिहायला लागलीस, म्हणजे त्या दिवशी तिला सुट्टी. मावश्यांच्या सुद्धा जत्रा लिहिल्यास. पोरी तुझ्यासाठी डबल ड्युटी हसत करायच्या, आणि मी हे सगळं बघत कुढत बसायचे.

आणि तुझा तो चहा! ज्या नर्सच्या हातून चूक व्हायची, तिनं तुझ्या दारात येऊन एवढंच म्हणायचं, "सिस्टर, चहा घ्यायचाय." तू हातातलं काम टाकून उठायचीस. आधी तुम्ही दोघी मिळून पेशंटला बघून यायचात, मग तू तुझ्या त्या छोट्या इलेक्ट्रिक शेगडीवर स्वतः चहा करायचीस, गवती चहाचं पातं घालून, आणि सगळं ऐकून घ्यायचीस. ही कसली शिक्षा? चुकणाऱ्याला चहा, मग बरोबर काम करणाऱ्याला काय? हे मी तुला तोंडावर विचारलं होतं. तू म्हणालीस, "सुनंदा, लपलेली चूक मला औषध देऊन बरी करता येत नाही गं." मला ते नाटकी वाटलं. आणि खरं सांगू? मला राग चहाचा नव्हताच. तुझ्या खोलीत सगळ्याजणी जाऊन बसायच्या, आणि माझ्याकडे कुणी पाणीसुद्धा मागायला येत नव्हतं.

तू गेल्यावर मेट्रन मी झाले. शेगडी कपाटावर जुन्या एक्स-रेच्या मागे ढकलली. नियमांचे बोर्ड लावले, हजेरी कडक केली. आठ महिन्यांत एकाही नर्सनं चूक केली नाही! ट्रस्टच्या मीटिंगमध्ये मी हे ताठ मानेनं सांगितलं. तू वर बसून हसली असशील.

तर परवाचं ऐक. बायकांच्या वॉर्डात दोघी जावा ॲडमिट होत्या. थोरल्या भागूबाई सहा नंबरला, साखरेच्या. धाकट्या लक्ष्मीबाई सात नंबरला, खिडकीपाशी, तापाच्या. सकाळचा राउंड झाल्यावर थोरलीला उकडायला लागलं, धाकटीला वारं सोसेना, म्हणून दोघींनी गुपचूप खाटा बदलल्या. आपल्याकडच्या बायका त्या! घरात बाजा बदलतात तशा इथं खाटा बदलल्या, त्यात सांगायचं काय? उशाच्या फायली मात्र जागच्या जागी.

कोमल नवीन मुलगी आहे, जुन्नरची. तू शेवटी घेतलेली. तिनं जेवणाआधीचं इन्सुलिन सहा नंबरला दिलं, म्हणजे धाकटीला. पाच मिनिटांत सात नंबरवरून थोरली म्हणाली, "पोरी, माझी सुई ऱ्हायली की." सुई भलतीलाच गेली, हे कोमलच्या लक्षात आलं. आणि ती काय करते? चादरींच्या खोलीत जाऊन बसते!

मी राउंडला आले तर लक्ष्मीबाई घामानं डबडबलेल्या, हात कापताहेत, बोलणं असंबद्ध. मी, मार्क जास्त असलेली, त्यांच्या मुलाला काय सांगितलं असेल? ताप उतरतोय, म्हणून घाम आलाय, काळजी करू नका. आणि पुढच्या खाटेकडे वळले. मालन, मी पाठ फिरवली होती गं. तेवढ्यात कोमल धावत आली आणि रडत ओरडली की इन्सुलिन यांना गेलंय. शुगर तपासली, ग्लुकोज चढवलं, डॉक्टर आले. तासाभरानं म्हातारी शुद्धीवर येऊन भाकरी मागायला लागली. वाचली. पण आणखी थोडा वेळ गेला असता तर?

माझ्या खोलीत आल्याबरोबर मी मेमोचा कागद ओढला. लिहिता लिहिता विचारलं की लगेच का नाही सांगितलंस. कोमलनं आधी मेमोच्या कागदाकडे पाहिलं.

मग म्हणाली, "तुमचं भ्या वाटलं, मॅडम. मालन सिस्टर असत्या तर पळत जाऊन सांगितलं असतं."

माझा पेन थांबला. मेल्यावरही माझ्या वॉर्डात तूच मेट्रन! इतका हेवा मला तू जिवंत असतानाही वाटला नव्हता. आणि मागोमाग दुसरं काहीतरी वाटलं, त्याला मला नाव देता येत नाही. आठ महिने एकही चूक झाली नाही म्हणून मी मिरवत होते. चुका होतच असणार. माझ्यापर्यंत येत नव्हत्या एवढंच.

मी खुर्चीवर चढून शेगडी खाली काढली. चहा केला. गवती चहा नव्हता, आणि तो उकळून उकळून कडू झाला. पोरीनं मुकाट प्यायला. कप खाली ठेवताना तिनं विचारलं, "मॅडम, तुमी कधी घेतला व्हता का सिस्टरांचा चहा?"

मी नाही म्हणाले. ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडनं कधी चूकच न्हाई झाली, म्हनून."

तुला माहीत आहे ना मालन, झाली होती ते? ऊसतोडीच्या सीझनमधली ती बाई. औषध अंगाला सोसतं का ते बघायचा टेस्ट डोस न देता मी तिला इंजेक्शन दिलं, आणि फायलीत माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, टेस्ट दिली. तिचं तोंड सुजलं, श्वास लागला. डॉक्टरांनी वाचवलं. तू सगळा वेळ तिचा हात धरून होतीस, आणि एकदा फक्त माझ्याकडे पाहिलंस. संध्याकाळी ड्युटी सुटताना तू शेगडीवर दोन कप चहा टाकलास आणि मला हाक मारलीस. मी म्हणाले, मला पित्त झालंय. तू तुझा कप प्यायलीस. दुसऱ्या कपावर बशी झाकून ठेवलीस. दुसऱ्या दिवशी मी आले तेव्हा कप तिथंच होता, साय धरलेला. वीस वर्षं मी म्हणत आले, मालननं सगळ्यांना चहा दिला, मला कधी दिला नाही. किती खोटं!

एकदा रागावली का नाहीस माझ्यावर? बशी झाकण्यापेक्षा दोन शब्द सुनावले असतेस तर मी कदाचित बोलले असते. हे मात्र तुझं चुकलंच.

मेमो फाडला. आजपासून सुई देताना खाटेचा नंबर नाही, पेशंटलाच नाव आणि गाव विचारायचं, असं ठरवलंय. तक्त्यावर कोमलच्या गावची जत्रा लाल पेनानं लिहिलीय. आणि उद्या सकाळी आठला, ड्युटी बदलताना दोन्ही पाळ्यांच्या पोरी एकत्र असतात, तेव्हा शेगडी मधोमध ठेवून त्या बाईची गोष्ट मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. आवाज कापेल. कापू दे. त्यांच्या चुका ऐकायच्या तर आधी माझी सांगायला हवी. हा शब्द देते तुला. मग कोमलला म्हणेन, आता तू कर चहा, मला घ्यायचाय.

वीस वर्षं उशीर केलेली, तुझ्यावर अजूनही जळणारी,
सुनंदा