आगीच्या आधी

सरकारी वकीलसाहेब,

युद्धात आमची शाळा जाळल्याचा आरोप तुम्ही त्या कमांडरवर ठेवलात. बाकं, फळे, प्रयोगशाळेची कपाटं, सगळं नुकसान आरोपपत्रात आलं. पण आग लावण्याआधी त्याच्या हुकमावरून सैनिकांनी आम्हा शिक्षिकांना त्याच वर्गांत कोंडून आमच्यावर बलात्कार केले, ते मात्र गाळलंत. बाकांचं नशीब थोर म्हणायचं!

"मावशी, आगीवरच त्याला जन्मठेप होईल," असं काल तुम्ही मला गोड आवाजात समजावलंत. "या वयात कशाला? मुलाला काय वाटेल?"

मी तुमची मावशी नाही. एरवी तुमची बोलतीच बंद केली असती, पण मुलाचं नाव काढलंत आणि मी गप्प बसले. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

आज दुपारी त्याला सांगितलं. भाजी निवडत सांगितलं. तो उठला आणि बाहेर गेला. दार आपटलं, तेव्हा वाटलं, तुमचंच खरं झालं.

अंधार पडल्यावर परतला. डोळे सुजलेले. समोर बसला, निवडायची राहिलेली भाजी पुढ्यात ओढली आणि खाली मान घालून म्हणाला, "आई, त्या वकिलाचं ऑफिस किती वाजता उघडतं?"

तेव्हा हे पत्र पेटीत टाकत नाही. पत्र तुम्ही फायलीला लावून मोकळे व्हाल. सकाळी आम्ही दोघं येतोय. बलात्काराचा आरोप युद्धगुन्हा म्हणून नोंदवल्याशिवाय तुमच्या खुर्च्या सोडणार नाही.

तुमची साक्षीदार,
अजून ठणठणीत