फायनलवर दुसरं कोण

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची! विमान शिकवणारी बाई म्हणून दारावरच्या पाटीवर माझं नावसुद्धा लागलं, आणि त्यात शुद्धलेखनाची एकच चूक. खोली फ्लाइंग क्लबच्या मागे, वरच्या मजल्यावर आहे. खिडकीतून अख्खी धावपट्टी दिसते. पूर्वेचं टोक तेवढं गवतात बुडालेलं. माझ्या वाट्याला आलेलं विमान दोन माणसांचं, पंख छत्रीसारखे डोक्यावर. जुनं आहे पण स्वभावानं गरीब.

आईचा फोन आला. वर ट्रॅफिक पोलीस असतो का गं, असं विचारत होती. म्हटलं, इथं नसतो, कंट्रोल टॉवरच नाही. प्रत्येकानं धावपट्टीभोवती ठरलेली चौकोनी फेरी मारायची, आपण कुठे आहोत ते रेडिओवर सांगायचं आणि डोळे उघडे ठेवायचे. मग कोणी कोणाला धडकत नाही. म्हणजे आपण सकाळी बाथरूमसाठी ओरडतो तसंच की, आई म्हणाली. अगदी तसंच.

गुरुवार, ६ मार्च

डोकं फिरलंय. वारा रोज पश्चिमेचा. वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं, म्हणजे पूर्वेकडून यायचं, हे पहिल्याच धड्यात शिकवतात. इथले शहाणे पश्चिमेकडून येतात, वारा पाठीवर घेऊन सुसाट, आणि ब्रेक जाळत कसेबसे थांबतात. रेडिओवर चकार शब्द नाही! आज मी शेवटच्या सरळ टप्प्यावर होते. आम्ही त्याला फायनल म्हणतो. पाहते तो समोरून एक पांढरं विमान थेट माझ्या नाकावर. मी विमान वर उचललं म्हणून वाचलो.

ते महाशय म्हणजे इथले ज्येष्ठ प्रशिक्षक. सगळे त्यांना बुवा म्हणतात. जाब विचारला तर म्हणाले, पूर्वेकडून आम्ही उतरत नाही. का? नाही उतरत. क्लबच्या मॅनेजर साहेबांकडे गेले. ते मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "मॅडम, इथं असंच चालतं." पालथ्या घड्यावर पाणी.

मंगळवार, ११ मार्च

माझा एकुलता एक गुणी विद्यार्थी म्हणजे दातांचे डॉक्टर. पन्नाशी उलटलेली, पण सांगितलेलं तंतोतंत करतात. प्रत्येक वळणावर न चुकता रेडिओवर बोलतात. आता एकट्यानं उडायला तयार आहेत, तसं मी साहेबांना लिहून दिलं.

आणि आज चमत्कार झाला. मी फायनलवर वळल्याचं सांगितलं, तर पाठोपाठ आणखी कोणी तरी बोललं. आवाज खरखरीत, पाण्याखालून आल्यासारखा, पण शब्द बरोबर: फायनलवर वळतोय. चला, या गावात एक तरी शिस्तीचा माणूस आहे! उतरल्यावर त्याला चहा पाजायचा म्हणून थांबले. कोणीच उतरलं नाही. बुवांना विचारलं तर ते तोंड फिरवून निघून गेले. इथं साधं उत्तर द्यायला यांचं काय जातं?

शनिवार, १५ मार्च

सकाळी एकटीच उडाले. ऊन पाठीशी असलं की फायनलवर आपली सावली पुढे शेतांवरून धावताना दिसते. आज सावल्या दोन होत्या. दुसरी माझ्या सावलीच्या जरा पुढे, आणि हळूहळू मागे सरकत माझ्या सावलीला भिडत चाललेली. म्हणजे कोणी तरी माझ्या वर होतं आणि खाली खाली येत होतं. मला वरचं दिसेना, मध्ये माझाच पंख. रेडिओवर ओरडले, बाजूला हो! उत्तर आलं, बाजूला हो.

मी झटकन बाजूला वळले. वर स्वच्छ आकाश.

साहेबांकडे तक्रार केली. ते म्हणाले, ढग असेल. ढगाला पंख आणि शेपूट असते का, असं विचारलं, तर मला चार दिवस रजा घ्यायला सांगतात!

मंगळवार, १८ मार्च

मेकॅनिकनं हाक मारली. विमान कुठे घुसवलंत, मॅडम? शिडीवर चढून पाहिलं. पंखावर, बरोबर माझं डोकं असतं त्याच्या वर, टायर घासल्याचा काळा पट्टा. ओला असल्यासारखा चकाकत होता. पुसला तर बोटांना काही लागलं नाही.

बुवांना हाताला धरून तिथं आणलं. पट्टा पाहून ते शिडीच्या पायरीवरच बसले. मग बोलले. पूर्वी दोन विमानं एकाच वेळी पूर्वेच्या फायनलवर आली. खालच्याचे पंख डोक्यावर, त्याला वरचं दिसेना. वरच्याचे पंख पोटाशी, त्याला खालचं दिसेना. वरचं खालच्यावर टेकलं. खालचं शेतात सापडलं. वरचं सापडलंच नाही.

"ते अजून उतरायचंय, पोरी," बुवा म्हणाले. "आणि रेडिओवर बोललं की त्याला कळतं, आपण कुठे आहोत ते."

आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, तू हसली असतीस.

हसले असते. पण सांगायचं होतं ना! मी त्या माणसाला, डॉक्टरांना, रोज बोलायला शिकवलं —

गुरुवार, २० मार्च

पट्ट्याचा ठपका माझ्यावर. चौकशी होईपर्यंत उडायचं नाही. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, वेड्या माणसापुढे करतात तसा.

दुपारी ऑफिसातला रेडिओ सुरू होता. आकाशात एकही विमान नव्हतं. आणि आवाज आला — फायनलवर वळतेय. वळतोय नाही. वळतेय. खरखर नाही.

माझा आवाज.

शुक्रवार, २१ मार्च, सकाळी

डॉक्टर एकटेच वर गेलेत. मी साहेबांशी भांडत होते तेवढ्यात. साहेब म्हणतात, तयार आहेत असं तुम्हीच लिहून दिलंत की.

ऑफिसातल्या रेडिओचा माईक घेतला. म्हटलं, डॉक्टर, बोलू नका, पश्चिमेकडून या. ते म्हणाले, "मॅडम, आत्ताच तर तुम्ही पूर्वेकडून या म्हणालात." मी नाही म्हणाले! लगेच रेडिओतून माझाच आवाज — मी नाही म्हणाले.

डॉक्टर घाबरलेत. विचारतायत, यातल्या तुम्ही कुठल्या?

आता माझ्या आवाजाचा उपयोग नाही. माईक धावत आलेल्या बुवांकडे दिलाय. माझे हात रिकामे, म्हणून लिहितेय. नंतर कोणी ढग होता म्हणायला नको.

बुवा शांतपणे सांगतायत. डॉक्टर ऐकतायत. पश्चिमेकडे वळले. वळले!

पुन्हा बुवांचा आवाज. पूर्वेकडून या, रस्ता मोकळा आहे.

बुवांचं तोंड मिटलेलं आहे.

डॉक्टर — हो, येतो म्हणाले. बुवा ओरडतायत, पण ते ऐकत — साहेब दारात उभे, मोबाइल खाली घेतलेला. आता बोला ना, आता तरी!

खिडकीतून दिसतंय. फायनलवर आलेत. विमान एकच.

शेतावर सावल्या दोन.

बुवा लाल झेंडा घेऊन धावपट्टीवर पळाले. लाल झेंडा दिसला की उतरायचं नाही, बाजूला वळायचं, एवढंच — मी शिकवलं होतं —

सावल्या जवळ. अजून जवळ. एकच झाली.

डॉक्टर विचारतायत, छतावर कोण आहे, मॅडम, तुम्ही आहात का?

मी आहे, असं उत्तर जातंय. माझ्या आवाजात. माईक टेबलावर पडलाय, मी तर इथं लिहि —