सालींची भाजी

दादा,

आज पेपरात बातमी आहे. कुठल्याशा बड्या हॉटेलच्या आचाऱ्याला कलिंगडाच्या सालींच्या भाजीसाठी बक्षीस मिळालंय. नवा शोध म्हणे! अरे, आपली आई रसाच्या दुकानात कलिंगडं चिरायची. गर गिऱ्हाइकांना, साली आपल्याला. लहानपणी ती भाजी शिजायला लागली की शेजारी वास जाऊ नये म्हणून तू धावत जाऊन खिडकी लावायचास. आई नुसती पदराने घाम पुसायची.

आज मी तीच भाजी केली, खिडक्या सताड उघड्या ठेवून. शेजारीण विचारत आली, "कसली गं भाजी?" मी ठणकावून सांगितलं, "आमच्या आईची!"

हे पत्र मी काही पेटीत टाकणार नाही. तू तेही खिडकी लावूनच वाचशील.

तुझी,
आईवर गेलेली धाकटी