मामांच्या उशीवरचा बॅज

मुनिरका, नवी दिल्ली
१२ जानेवारी

ती. पद्माकरमामांस,

उत्तराचा साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते; खरं म्हणजे नाही. तुमची तब्येत कशी आहे? (हे पद्धत म्हणून विचारत नाही.) व्हॉट्सअॅप केलं नाही, कारण तुमचा फोन वैजयंतीमामी तुमच्याआधी वाचते.

मी काय करते हे तुम्ही दिवाळीत विचारलंत आणि उत्तर येईपर्यंत झोपलात, म्हणून पुन्हा सांगते. मूलद्रव्यांच्या तक्त्यात आयोडीनच्या खाली अॅस्टॅटीन राहतं. ते मी बेंझिनच्या कड्याला जोडते आणि ते टिकत नाही. जोड कच्चा, त्यात मूळ मालच सात तासांत निम्मा होतो. डोळ्यांनी तो आजवर कुणी पाहिलेला नाही. (मामी म्हणाली, मग तू रोज जाऊन बघतेस काय?) वर्षातून दोनदा तो विमानाने येतो. मागच्या हिवाळ्यातल्या खेपेला धुक्यामुळे विमान जयपूरला उतरलं आणि माझ्या हाती चौथा हिस्सा आला. पुढची खेप तीस तारखेला आहे, आणि मला प्रयोगशाळेत पाऊल टाकायला बंदी आहे!

झालं असं. आम्ही छातीवर बॅज लावतो. अंगावर किती किरणं पडली ते तो मोजतो. या वेळी माझा आकडा असा आला, की सुरक्षा अधिकाऱ्यांनी आधी स्वतःची खुर्ची मागे घेतली. ‘मॅडम, कुछ निगल तो नहीं लिया?’ अॅस्टॅटीन पोटात गेलं तर आयोडीनसारखंच गळ्यातल्या थायरॉइडमध्ये जाऊन बसतं, म्हणून माझा गळा यंत्राने दोनदा मोजला. गळा स्वच्छ. मग बॅजने पाहिलं काय? चार रात्री डोळ्याला डोळा नाही. काल अॅप्रन खिळ्याला अडकवताना डोक्यात उजेड पडला.

मामा, नोव्हेंबरात मामीला तुम्ही सांगितलंत, की सरकारी कामासाठी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसात उतरतोय. आणि उतरलात माझ्या खोलीत. मी तीन रात्री वरच्या मजल्यावर क्षिप्राकडे झोपले. धुवायला आणलेला अॅप्रन खिळ्यावर, बॅज अॅप्रनला (तो घरी आणायचा नसतो, हा माझा गाढवपणा) आणि खिळा बरोबर तुमच्या उशीच्या वर. तुम्हीच कौतुकाने सांगत होतात, की दवाखान्यात शिशाच्या डबीतून चिमट्याने गोळी दिली आणि डॉक्टर अदबीने दारात उभे राहिले. मी हो हो करत पोहे परतत होते. किरणोत्सारी पदार्थांवर पीएच.डी. करते मी, आणि ती गोळी पोटात घेऊन किरणं सोडत घरात बसलेला अख्खा मामा ओळखता आला नाही!

तुमची भाची,
उत्तरा

ता. क. : त्या दवाखान्याचा कागद पंचवीस तारखेच्या आत स्पीड पोस्टाने पाठवा. त्याशिवाय बंदी उठत नाही.

ता. क. २ : चौकशीच्या फॉर्मात पाहुण्याच्या घरचा नंबर मागितला होता. मी भरला. अधिकारी येत्या सोमवारी फोन करणार आहेत आणि तुमच्याकडे फोन कोण उचलतं ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. तेव्हा मामीला आधी तुम्हीच सांगा.

ता. क. ३ : कागद उशिरा आला तरी चालेल. माल उन्हाळ्यात पुन्हा येईल. ती गोळी कशासाठी होती तेवढं मात्र पत्र मिळताच कोपऱ्यावर जाऊन फोनवर सांगा. काल दिवसभर नेटवर वाचत बसले, आणि मामा, मला फार भीती वाटते आहे.